विषारी प्राणी शिकवताना: 'किती जहाल?' सोडा, 'कोणाला, कशासाठी, कसं?' विचारा

विषारी प्राण्यांवरचा माझा पहिला तास चांगलाच फसला होता. 'जगातले सर्वांत विषारी दहा प्राणी' अशी चित्रमालिका पडद्यावर दाखवली. मुलं डोळे विस्फारून बघत होती, टाळ्या पडल्या, मीही खूश. आठवड्यानं सहज विचारलं, "सापाकडे विष का असतं?" अर्ध्या वर्गानं एका सुरात सांगितलं, "माणसाला मारायला!" मी त्यांना क्रमवारी दिली होती, जीवशास्त्र दिलंच नव्हतं.

तेव्हापासून हा विषय मी तीन प्रश्नांवर उभा करतो: विष कोणासाठी आहे, कशासाठी आहे, आणि ते तिथपर्यंत पोचतं कसं. खाली दिलेली मांडणी साधारण दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पाच-सहा तासिका लागतात. घाई असेल तर दुसरी आणि पाचवी पायरी आटोपती घ्या. पहिली, तिसरी आणि प्रथमोपचाराची पायरी मात्र कापू नका.

वर्गात जाण्याआधी

जिवंत प्राणी आणायचा नाही. 'बिनविषारी आहे, मी ओळखतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी नाही. मेलेला सापही नको. कापलेलं डोकंसुद्धा काही वेळ प्रतिक्षिप्त क्रियेनं चावू शकतं.

वर्गातल्या कुणाच्या घरी सर्पदंशानं किंवा विंचवाच्या डंखानं कुणी गेलं आहे का, हे आधी हळूच विचारून ठेवा. मी एकदा हे विचारलं नव्हतं. शेवटच्या बाकावरची मुलगी तासभर मान खाली घालून का बसली होती, ते मला नंतर कळलं. काही मुलांना सापाचा फोटोही सहन होत नाही. त्यांच्यासाठी रेखाचित्रांपासून सुरुवात करा, फोटो नंतर.

सामान लागतं ते एवढंच: जाड कागदाची वीस-पंचवीस कार्डं, रबरी हातमोजा, सुई नसलेली सिरिंज, फवारणीची बाटली, स्पंज, रबरबँडची पुडी, कागदी पेले, कागदाचे बोळे, आणि शेवटच्या तासाला कापडी पट्ट्या नि दोन लाकडी फळ्या.

पायरी पहिली: 'विषारी' हा शब्द उलगडा

आपल्या भाषेत एक अडचण आहे. नाग विषारी, रानातली छत्री विषारी, धोतऱ्याचं बी विषारी, कारखान्याचा धूरही विषारी. एकाच शब्दात सगळं कोंबल्यामुळे मुलांना सगळं सारखंच वाटतं. म्हणून शब्दाची फोड आधी करायची.

जमिनीवर खडूनं तीन वर्तुळं काढा. जीवशास्त्रज्ञही असेच तीन गट करतात. मी त्यांना मुलांच्या तोंडी बसतील अशी नावं दिली आहेत. पहिलं 'बाधतो': या प्राण्याच्या अंगातच विष असतं, तुम्ही त्याला खाल्लं किंवा हाताळलं तर बाधा होते, तो स्वतः काही करत नाही. दुसरं 'टोचतो': दात, नांगी, काटा अशा कशानं तरी जखम करून तो विष आत सोडतो. तिसरं 'उडवतो': जखम न करता विष अंगावर फेकतो.

आता कार्डं वाटा. मधमाशी, विंचू, घोणस, गोम, जेलीफिश, पाकट, भेक, डार्ट बेडूक, मोनार्क फुलपाखरू, पफरफिश. प्रत्येकानं आपलं कार्ड वर्तुळात ठेवायचं आणि का ठेवलं ते एका वाक्यात सांगायचं. ही कार्डं भराभर लागतात. डार्ट बेडकाचं कार्ड आलं की सांगा, की हे विष त्याला खाण्यातल्या किड्यांमधून मिळतं. माणसानं पाळलेल्या आणि वेगळं खाणं दिलेल्या बेडकांमध्ये ते सापडत नाही.

मग खिशातली खट्याळ कार्डं काढा. खरा तास इथे सुरू होतो.

थुंकणारा नाग: तो चावतोही आणि डोळ्यांच्या रोखानं विष उडवतोही. म्हणजे दोन वर्तुळांत.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस: याचं विष म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन. पफरफिशच्या अंगात असतं तेच. पण पफरफिश खाल्ल्यावर बाधतो, ऑक्टोपस चावून ते आत सोडतो. रसायन एकच, वर्तुळं दोन. वर्गीकरण विषाचं चाललेलं नाही, ते पोचवण्याच्या मार्गाचं चाललं आहे, हे या एका कार्डानं मुलांच्या लक्षात येतं. मला वेगळं सांगावं लागत नाही.

जपानमधला यामाकागाशी हा साप: त्याला मागचे विषदंत आहेत, शिवाय तो विषारी भेक खाऊन त्यांचं विष मानेवरच्या ग्रंथींमध्ये साठवतो. जिथे भेक नाहीत अशा बेटावरच्या सापांच्या मानेत हे विष सापडत नाही.

एखादं मूल हमखास विचारतं, "डास?" उत्तर देऊ नका, वाद होऊ द्या. डासाच्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात आणि तो ते टोचूनच आत सोडतो. व्याख्या जितकी काटेकोर लावाल, तितकं डासाला बाहेर ठेवणं अवघड जातं. काही जीवशास्त्रज्ञ अशा रक्तपिपासूंना याच गटात मोजतात.

याच तासात 'निमविषारी' शब्दाचाही निकाल लावून टाका. हरणटोळ आणि मांजऱ्या निमविषारी म्हटले की मुलांना वाटतं, त्यांच्यात अर्धंच विष भरलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांचे विषदंत जबड्यात मागे असतात आणि माणसावर त्या विषाचा परिणाम सहसा सौम्य होतो. हरणटोळाच्या तोंडातल्या सरड्याला 'निम' वगैरे काही वाटत नाही.

पायरी दुसरी: हत्यार कशाचं घडलं?

पुष्कळ प्राण्यांचं विष टोचण्याचं साधन आधी दुसऱ्याच कामाचं होतं. सापाच्या विषग्रंथी या बदललेल्या लाळग्रंथी. मधमाशीची नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचं बदललेलं रूप, म्हणून नर मधमाशीला डंख मारताच येत नाही. (हे ऐकल्यावर वर्गात खसखस पिकते, पिकू द्या.) गोम 'चावते' म्हणतो आपण, पण ती टोचते ते पायांच्या पहिल्या जोडीनं, त्या जोडीचे नख्यांसारखे आकडे झाले आहेत. समुद्रातल्या कोन गोगलगायीनं जिभेवरच्या दातांपैकी एकेक दात पोकळ भाल्यासारखा वापरायला घेतला.

रंगीत पाण्यानं प्रात्यक्षिक करा. सुई नसलेल्या सिरिंजनं स्पंजमध्ये पाणी ढकलणं म्हणजे घोणशीचे पोकळ दात. फवारणीची बाटली म्हणजे थुंकणारा नाग. यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, कारण पुढचं प्रात्यक्षिक जास्त मजेचं आहे.

रबरी हातमोज्याचं एक बोट आत ढकलून उलटं करा. मनगटाकडची बाजू मुठीत घट्ट धरा आणि मोजा दाबा. बोट फटकन बाहेर उसळतं. जेलीफिशच्या डंखपेशीत हेच होतं: पेशीतल्या इवल्या कुपीत उलटी केलेली, वेटोळं घातलेली नळी असते, आत प्रचंड दाब असतो, आणि चाप ओढला गेला की नळी उलगडून भक्ष्यात घुसते. हायड्रा या जेलीफिशच्या नातलगात सुरुवातीचा हा फटका मोजला गेला. तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात पुरा होतो. या कामाला मेंदूचा हुकूम लागत नाही. म्हणून किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशला, तिच्या तुटलेल्या शुंडकालाही हात लावायचा नसतो.

पायरी तिसरी: शरीरात गेल्यावर काय होतं?

पुस्तकं इथे 'मज्जातंतूंवर परिणाम करणारं' आणि 'रक्तावर परिणाम करणारं' अशा दोन ओळींत उरकतात. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. त्यापेक्षा खेळ घ्या.

आठ-दहा मुलं हात धरून ओळीत उभी राहतील. पहिलं मूल मेंदू. ते शेजाऱ्याचा हात दाबतं, दाब पुढे पुढे जातो. ओळीतलं शेवटचं मूल म्हणजे चेतातंतूचं टोक. त्याच्याजवळ कागदी बोळ्यांची टोपली. समोर हातभर अंतरावर एक मूल स्नायू म्हणून पेला धरून उभं. हाताला दाब जाणवला की टोकानं एक बोळा पेल्यात टाकायचा, बोळा पडला की स्नायूनं उडी मारायची. बोळा म्हणजे असिटिलकोलिन हे निरोप्या रसायन.

पहिली फेरी निर्विष. दुसऱ्या फेरीत नाग येतो आणि पेल्यावर झाकण ठेवतो. बोळे येतात, वरून घरंगळतात, स्नायू ढिम्म. तिसऱ्या फेरीत मण्यार येते. ती पेल्याला फारशी बघतच नाही, टोपलीच निकामी करते. टाकायला बोळाच उरत नाही. चौथी फेरी विंचवाची, आणि ती सगळ्यांत गोंगाटाची. विंचवाचं विष चेतापेशींची दारं उघडीच ठेवतं, म्हणून टोकानं थांबायचंच नाही, बोळे फेकत सुटायचं.

मग विचारा, "नाग आणि मण्यार, दोघांच्याही फेरीत स्नायू थांबला. कोणता स्नायू थांबला तर जीव जाईल?" थोड्या शांततेनंतर कुणीतरी छातीवर हात ठेवतं. श्वासाचे स्नायू. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र अशा रुग्णाला का वाचवतं, ते मुलं आता स्वतः सांगतात. वरच्या इयत्तेचा वर्ग असेल तर पुढे जा: झाकण काढता येईल, पण मोडलेली टोपली पुन्हा विणावीच लागेल. मण्यारीची लक्षणं एकदा दिसू लागली की प्रतिविष देऊनही बरं व्हायला दिवस लागतात, ते यामुळे.

घोणशीसाठी रबरबँड. वर्गाला तीस रबरबँड द्या, ही रक्त गोठवणाऱ्या घटकांची शिल्लक. प्रत्येक जखम बंद करायला तीन लागतात. आता घोणस चावते आणि 'सगळे रबरबँड आत्ताच एकमेकांत अडकवा' असा हुकूम सोडते. शिल्लक एका दमात संपते. नंतर साधं खरचटलं तरी बांधायला काही नाही. रक्त गोठवणारं विष माणसाला रक्तस्रावानं कसं मारतं, हे कोडं नुसत्या व्याख्येनं सुटत नाही, या खेळानं सुटतं. डॉक्टरांची एक साधी चाचणीही जोडून सांगा: रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष रक्तात काम करतं आहे असं धरतात.

या पायरीवर एक गोष्ट स्पष्ट करा. विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, अनेक प्रथिनांचं आणि इतर रेणूंचं मिश्रण. 'नाग म्हणजे चेतासंस्था, घोणस म्हणजे रक्त' ही सोय आहे. नागाच्या दंशाजवळचं मांस सडतंही.

पायरी चौथी: दुखवायचं की कळूच द्यायचं नाही?

फळ्यावर दोन वाक्यं लिहा. 'मधमाशीचा डंख क्षणात ठणकतो.' 'मण्यार रात्री झोपेत चावली तर पुष्कळदा माणसाला कळतही नाही.' आणि विचारा, असं का?

मधमाशीचं विष हा संदेश आहे: मागे हो, पुन्हा येऊ नकोस. संदेश उशिरा पोचला तर उपयोग नाही. स्टोनफिशचे पाठीवरचे काटे, पाकटाच्या शेपटीचा काटा हे सगळे याच जातीचे, ठणका मारून पिटाळणारे. शिकाऱ्याला भक्ष्याच्या दुखण्याशी देणंघेणं नसतं, त्याला ते पळायला नको असतं. कोन गोगलगाय मासा पकडते. तिचा वेग बघा आणि माशाचा बघा. टोचलेला मासा हातभर जरी पोहून गेला तरी तिचं जेवण गेलं, म्हणून तिचं विष माशाला जागच्या जागी ताठ करतं.

मग पाचूसारख्या हिरव्या गांधीलमाशीची गोष्ट. ही झुरळाला मारत नाही. पहिला डंख छातीत, पुढचे पाय क्षणभर लुळे पडावेत म्हणून. दुसरा थेट डोक्यात, मेंदूच्या ठरावीक भागात. झुरळ चालू शकतं, पण आपण होऊन चालायला निघत नाही. गांधीलमाशी त्याची मिशी धरून दावणीच्या जनावरासारखं बिळात नेते आणि त्याच्यावर अंडं घालते. अळीला ताजं खाणं मिळतं. ही गोष्ट सांगून झाल्यावर वर्ग गप्प होतो. मी पुढे लगेच काही बोलत नाही.

तिसरं कारण मुलांना क्वचितच सुचतं: आपल्याच जातभाईंशी भांडण. नर प्लॅटिपसच्या मागच्या पायावर विषाची आर असते आणि विष विणीच्या हंगामात वाढतं. स्लो लोरिस हा माकडांच्या दूरच्या कुळातला प्राणी दंडाजवळच्या ग्रंथीचा स्राव चाटून लाळेत मिसळतो आणि चावतो. या चाव्यांच्या जखमा दुसऱ्या लोरिसांवर सापडल्या आहेत.

पायरी पाचवी: विषाचा हिशेब

प्रत्येक मुलाला विषाच्या दहा चकत्या द्या. उंदीर मारायला तीन, शत्रूला पिटाळायला दोन ते पाच, संपल्या की दोन फेऱ्या उपाशी. मुलं तिसऱ्या फेरीपासूनच कंजूष होतात, आणि निसर्गातही तसंच आहे: विष बनवायला ऊर्जा आणि वेळ लागतो. विंचवाची एक आफ्रिकी जात आधी स्वस्तातला पारदर्शक स्राव सोडते आणि धोका वाढला तरच प्रथिनांनी भरलेलं दाट विष. साप कधी विष न सोडताही चावतो, याला कोरडा चावा म्हणतात. हे सांगितलं की त्याच वाक्यात सांगा: चावा कोरडा आहे का, हे ठरवणं दवाखान्याचं काम, घरी वाट बघत बसायचं नाही.

क्रमवारीचा प्रश्न इथे येऊ द्या, टाळू नका. उंदरांवरच्या चाचणीत ऑस्ट्रेलियातला इनलँड तायपान सर्वांत जहाल ठरतो. पण तो निर्जन, कोरड्या प्रदेशात राहतो, लाजाळू आहे, आणि माणसं त्याच्या वाटेला जातच नाहीत. फुरसं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी त्याच्या दंशानं कितीतरी माणसं मरतात, कारण ते माणसांच्या पायाखालच्या जमिनीवर राहतं. जगात सापांच्या सुमारे चार हजार जाती आहेत, विषारी त्यातल्या सुमारे सहाशे, आणि माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा साधारण दोनशे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार लोक सर्पदंशानं मरतात; २०१७ साली संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. मुलांना विचारा, 'दुर्लक्षित' हा शब्द का वापरला असेल? दवाखाना किती लांब आहे, शेतात अनवाणी कोण जातं, अशी उत्तरं येतात. ती विषाच्या जहालपणाशी संबंधित नसतात.

पायरी सहावी: झाकणाला पुरून उरणारे, आणि औषधं

मुंगूस नागाला का भारी पडतं? चपळाई तर आहेच. पण पेल्यांचा खेळ आठवायला लावा. मुंगसाच्या स्नायूंवरच्या ग्राहकांचा, म्हणजे खेळातल्या पेल्यांचा, आकार थोडा बदललेला असतो, त्यामुळे नागाच्या विषाचं झाकण तिथे नीट बसत नाही. संरक्षण पूर्ण नसतं, पण पुष्कळ असतं.

विष जर इतकं नेमकं कुलूप शोधत असेल, तर ती किल्ली औषधात चालेल का? चालली. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषानं रक्तदाब कोसळतो. त्या विषातल्या रेणूचा नमुना समोर ठेवून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध घडवलं गेलं आणि अमेरिकेत १९८१ साली मान्य झालं. कोन गोगलगायीच्या विषातून झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचं औषध आलं (२००४), गिला मॉन्स्टर सरड्याच्या लाळेतून मधुमेहावरचं एक्सेनाटाइड (२००५). एवढं पुरे, औषधांची यादी लांबवली की वर्ग जांभया देतो.

प्रतिविषाला आपल्याकडे सर्रास 'सापाची लस' म्हणतात. हा गोंधळ इथेच सोडवा. लस आधी टोचतात, तुमच्या शरीराला तयारी करायला शिकवतात. प्रतिविष दंश झाल्यावर देतात: घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (विषाला निकामी करणारी प्रथिनं) वेगळी काढलेली असतात. ही पद्धत १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये आकाराला आली. तयार प्रतिपिंडं काही काळानं शरीरातून जातात, म्हणून 'आधीच घेऊन ठेवू' असं चालत नाही.

पायरी सातवी: प्रथमोपचार, तोंडी नाही, हातानं

या तासाला खडू-फळा बंद. जोड्या करा. एकाला 'पायाला साप चावला', दुसऱ्यानं करायचं.

प्राण्यापासून दूर व्हायचं. त्याला मारायला, पकडायला, फोटो काढायला थांबायचं नाही. रुग्णाला खाली बसवायचं किंवा आडवं करायचं, चालवायचं नाही, कारण स्नायू हलले की विष पसरतं. अंगठी, पैंजण, घड्याळ, घट्ट कपडा काढायचा, सूज येणार आहे. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो पाय स्थिर करायचा. पट्टी इतकीच घट्ट की खाली बोट सरकेल. मोठ्या माणसाला हाक, वाहन, दवाखाना. दंशाची वेळ लिहून ठेवायची. पापण्या जड होणं, गिळायला त्रास, हिरड्यांतून रक्त, पोटदुखी असं काही दिसलं तर वेळेसकट सांगायचं.

मग 'चुकीचा मित्र' हा खेळ. तिसरं मूल मध्ये घुसून वाईट सल्ले देतं, आणि मदत करणाऱ्यानं कारणासकट नकार द्यायचा. "दोरीनं करकचून आवळ." नको, रक्त थांबून पाय गमवावा लागेल. "चिरा दे, तोंडानं विष ओढ." नको, विष निघत नाही, जखम वाढते, आणि घोणशीचा दंश असेल तर रक्त थांबायचंच नाही. "आधी पाला लाव, उतारा कर." नको, वेळ जाते. रबरबँडचा खेळ खेळलेली मुलं चिरा देण्याच्या सल्ल्याला जे तडकून उत्तर देतात, ते ऐकण्यासारखं असतं.

मधमाशीचं वेगळं आहे: नांगी तुटून कातडीत राहते आणि तिच्या पिशवीतून विष येतच राहतं. नखानं, कार्डानं, चिमट्यानं, कशानंही, पण लगेच काढायची. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांध्या उठल्या, तर ती ॲलर्जी. एका डंखानंही जीव जाऊ शकतो, तडक दवाखाना.

मुलांना किती कळलं, हे कसं तपासायचं

लेखी प्रश्नांऐवजी मी एक कल्पित प्राणी तयार करायला सांगतो. अटी चार: विष कोणासाठी ते सांगायचं, हत्यार कोणत्या जुन्या अवयवापासून झालं ते दाखवायचं, विष शरीरातलं नेमकं काय थांबवतं ते लिहायचं, आणि या विषाला कोण पुरून उरतं तेही. 'जगातला सर्वांत विषारी' हे शब्द लिहिले तर दोन गुण कमी.

गेल्या खेपेला एका मुलानं बर्फात राहणारा, जाळं न विणणारा कोळी काढला होता. त्याचं विष दुखत नव्हतं, भक्ष्याला फक्त झोप आणत होतं. मी विचारलं, झोपच का? तो म्हणाला, "सर, थंडीत त्याला खायला दोन दिवस लागतात. मेलेलं गोठून दगड होईल." त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. चित्रातल्या कोळ्याला पाय सहाच होते, ते परत मागवून आठ करून घेतले.